एसीचा उरलेला पाइप आणि कागदी रॉकेट: सोलापुरातलं एक प्रकरण

प्रकरणातली माणसं तीन. अशोक चौकाच्या पुढे, यंत्रमागांच्या खडखडाटात घर असलेला दहावीतला एक मुलगा, एसी-फ्रिजची कामं करणारा त्याचा मामा, आणि वर्कशॉप शिकवणारा मी. मुलाला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हवेच्या दाबावर उडणारं काहीतरी मांडायचं होतं. मामाच्या गाळ्यात तांब्याच्या पाइपाचे तुकडे पडून होते. हे तुकडे वापरता येतील का, एवढं विचारायला दोघं माझ्याकडे आले.

सोलापुरात मार्च ते मे एसीवाल्यांना जेवायला फुरसत नसते. एसीच्या किटमध्ये साधारण 3 मीटर पाइप येतो. आतलं आणि बाहेरचं युनिट एकाच भिंतीच्या दोन अंगांना बसलं की त्यातला बराचसा उरतो. हा उरलेला पाइप खरं तर गिऱ्हाइकाचा. पण गिऱ्हाईक विचारत नाही, मेकॅनिक सांगत नाही, आणि सीझन संपेपर्यंत गाळ्यात पोतंभर तांबं जमतं. ते भंगारात जातं आणि किलोला चांगले पैसे देऊन जातं. त्यामुळे ‘तसंच पडलंय, घे बे’ असं मामा म्हणाला, तरी त्या ‘तसंच’ला किंमत होती. पाच सुताचा, म्हणजे 5/8 इंची पाइप, भिंत 0.8 मिलिमीटर धरली, तर मीटरला साधारण 340 ग्रॅम भरतो. 3 मीटर म्हणजे एक किलो तांबं. भाच्याच्या खेळण्यासाठी मामा ते सोडायला तयार झाला, हीच मोठी गोष्ट.

मूळचा बेत

मुलाच्या वहीत आधीच एक आकृती तयार होती. 110 मिलिमीटरचा एक मीटर लांब पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना टोप्या, त्यात पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरायची आणि पुढच्या नळीतून बटाटा सोडायचा. तांब्याचा पाइप या आकृतीत फक्त टाकी आणि नळी जोडण्यापुरता होता.

घरी नुकतंच बांधकाम झालेलं असल्यामुळे पीव्हीसीचा पाइपही फुकटच मिळणार होता. मी पाइपावरचं छापील वाचायला सांगितलं. तो एसडब्ल्यूआर निघाला, म्हणजे सांडपाण्याचा. त्यातून पाणी उताराने वाहून जातं. आतून दाब सोसावा अशी त्याच्याकडून कुणाचीच अपेक्षा नसते. पाण्याच्या दाबासाठीचे पीव्हीसी पाइप वेगळे असतात, त्यांच्यावर 4, 6, 10 किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असा दाबाचा वर्ग छापलेला असतो. पण तो वर्गही पाण्यासाठीचा. हवेसाठी तेवढ्याच भरवशावर तो घेता येत नाही, आणि यामागचं कारण मुलांना एकदा नीट समजलं की पुढचं निम्मं भांडण मिटतं.

पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. पाण्याने भरलेला पाइप फुटला तर एक पिचकारी उडते आणि दाब तिथल्या तिथे संपतो. हवा दाबली जाते, म्हणजे ती काम साठवून ठेवते. हवेने भरलेला पाइप फुटला की ती हवा आपल्या मूळ आकारमानाला येईपर्यंत जे समोर असेल त्याला ढकलत राहते. त्यात पीव्हीसी फुटतो तो काचेसारखा, धारदार तुकडे होऊन. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने पीव्हीसी पाइपात दाबाची हवा भरण्याविरुद्ध 1988 मध्येच इशारा काढला होता. शिवाय हा प्लॅस्टिक पाइप उन्हात ठिसूळ होतो आणि तापला की त्याची ताकद झपाट्याने घटते. 23 अंशाला जेवढा दाब सोसतो त्याच्या निम्मासुद्धा 50 अंशाला सोसत नाही. सोलापुरात मे महिन्यात गच्चीवर पडलेला पाइप किती तापतो, ते हात लावून बघावं.

तरीही मुलाचं म्हणणं होतं की चार बारला (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) काय होतंय, मोटारसायकलच्या चाकात तेवढीच हवा असते. दुचाकीच्या चाकात दोन-अडीच बार असते, पण मुद्दा तो नव्हता. मी त्याला टोपीवरचा जोर काढायला लावला. 110 च्या पाइपाचा आतला व्यास सुमारे 103 मिलिमीटर. क्षेत्रफळ साधारण 8,400 चौरस मिलिमीटर. चार बारला त्या टोपीवर आतून येणारा जोर 340 किलोच्या आसपास. तीन-चार धडधाकट माणसं एका टोपीवर आतून उभी राहिल्यासारखं, आणि त्यांना धरून ठेवायला फक्त सोल्युशनचा एक थर.

मग तोच हिशेब पाच सुताच्या तांब्याच्या पाइपासाठी केला. आतला व्यास 14.3 मिलिमीटर, क्षेत्रफळ 160 चौरस मिलिमीटर, टोकावरचा जोर साडेसहा किलो.

मुलगा वहीकडे बघत बसला. मामा म्हणाला, ‘‘मग टाकीच तांब्याची कर की.’’

प्रकरणाला खरं वळण इथे मिळालं, आणि ते मामाने दिलं.

पाइपालाच टाकी करता येते का?

ताकदीचा प्रश्न आधी. पाइपाच्या भिंतीत येणारा ताण ढोबळ मानाने दाब गुणिले व्यास भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट. चार बार म्हणजे 0.4 मेगापास्कल. 0.4 गुणिले 15.9, भागिले 1.6: सुमारे 4 मेगापास्कल. नरम, म्हणजे तापवून मऊ केलेल्या तांब्याला हिशेबात 41 मेगापास्कलपर्यंत ताण चालतो, असं धरतात. म्हणजे दहापटीची सवड. एसीत हाच पाइप आर-32 किंवा आर-410ए गॅसचा चार बारहून कितीतरी जास्त दाब वर्षानुवर्षं सोसतो. तांब्याचा आणखी एक गुण असा की ते हद्दीबाहेर ताणलं तर आधी फुगतं, मग चिरतं. तुकडे उडत नाहीत.

ताकद पास झाली. पुढचा प्रश्न जागेचा. 3 मीटर पाइपात मावणारी हवा जेमतेम अर्धा लिटर; हिशेबाने 0.48. मुलाच्या पीव्हीसी टाकीत साडेआठ लिटर मावली असती. सतरा-अठरा पटींचा फरक. मुलगा नाराज झाला. ‘‘सर, एवढ्याशा हवेत काय उडणार?’’

या विषयात बहुतेक लोक इथेच चुकीच्या बाजूला वळतात, असं माझं मत आहे. कमी उडालं की टाकी मोठी करायची, दाब वाढवायचा. उडणाऱ्या वस्तूला मुळात किती हवा लागते, हे कुणी काढत नाही. आपण ते काढलं.

बटाटा रद्द करून कागदाचं रॉकेट घ्यायचं, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. कागदाची नळी लाँचरच्या पाइपावर टोपीसारखी चढवायची, हवा सोडली की ती उडून जाते. ए-फोर आकाराचा साधा कागद 5 ग्रॅमच्या आतबाहेर असतो. दीड कागद, चिकटपट्टी, पुठ्ठ्याचे तीन पंख आणि नाकाला थोडी खेळाची माती धरून रॉकेट 10 ग्रॅमचं. लाँचरची नळी तोच पाच सुताचा पाइप, अर्धा मीटर उभा. रॉकेट या नळीवरून सुटेपर्यंत जी जागा मोकळी होते ती 0.1 लिटर, आणि नळीच्या पोकळीतली 0.08. म्हणजे 0.48 लिटरमधली हवा 0.66 लिटरमध्ये पसरते. दाब चार बारवरून (वातावरण धरून पाच) शेवटी अडीचपर्यंत उतरतो. रॉकेट सुटतानाही निम्म्याहून जास्त दाब मागे शिल्लक! टाकी लहान नव्हती, पुरून उरत होती. साडेआठ लिटर हवेतली आठ लिटर रॉकेट गेल्यावर नुसती ‘फुस्स’ करून निघून गेली असती, आणि टाकी फुटली असती तर मात्र ती सगळीच्या सगळी अंगावर आली असती.

साठलेल्या कामाचा आकडा सांगतो. अर्धा लिटर हवेत चार बारला साधारण 120 ते 200 ज्यूल असतात, हवा किती झटक्यात सुटते त्यावर अवलंबून. साडेआठ लिटरमध्ये दोन ते साडेतीन हजार. लहान टाकी हीच इथे सुरक्षिततेची मुख्य व्यवस्था, बाकीचं सगळं तिच्या मागून.

तुकडे निवडणं

पोतं ओतलं तेव्हा कळलं की ‘उरलेला’ पाइप म्हणजे एक जात नव्हे. किटमधून उरलेला कोरा पाइप वेगळा, आणि जुना एसी काढताना कापून आणलेला वेगळा. जुन्यात कॉम्प्रेसरचं तेल बसलेलं असतं. कोऱ्याची टोकं प्लॅस्टिकच्या टोपीने बंद असली तर आतून तो लख्ख असतो. जुना तुकडा उजेडाकडे धरला की आत काळपट ओल दिसते, बोट फिरवलं की तेलकट लागतं. रॉकेट कागदाचं असल्याने तेलाचा एक तुषारही त्याला पुरतो, नळी भिजून मऊ पडते. पण तेल नको म्हणण्याचं खरं कारण त्याहून मोठं होतं. ते पुढे येतं.

व्हर्नियर लावल्यावर आणखी एक गोष्ट बाहेर आली. सगळ्याच तुकड्यांची भिंत 0.8 नव्हती. काही ठिकाणी 0.6 च्या खाली होती. बाजारात स्वस्तातला पातळ पाइप फिरतो, हे मामाला माहीत होतं. तो म्हणाला, ‘‘हे आमचं नाय, दुसऱ्यानं बसवलेलं आम्ही काढलंय.’’ चार बारला 0.6 सुद्धा चाललं असतं. पण वाकवताना पातळ पाइप आधी चेपतो, आणि चेपलेल्या जागी पुन्हा सरळ करायचा प्रयत्न केला की तिथे सुरकुतीत चीर पडते. असे तुकडे बाजूला काढले. एक तुकडा हातात घेताच हलका लागला. कानसीने ओरखडा काढला तर आत पांढरं. वरून तांब्याचा रंग असलेला ॲल्युमिनियमचा पाइप होता तो. त्याला तांब्यासारखं ब्रेझिंग (ज्योतीवर सळई वितळवून जोडणं) करायला गेलं असतं तर ज्योतीखाली कधी ढासळला ते कळलंही नसतं.

शेवटी कोऱ्या पाइपाची एक 3 मीटरची सलग गुंडाळी निवडली आणि नळीसाठी एक सरळ तुकडा. इथे मुलाचा विरोध होता. त्याला छोटे चार तुकडे शेजारी शेजारी लावून टी आणि एल्बोने जोडायचे होते, ‘यंत्रासारखं’ दिसावं म्हणून. दिसलं असतंही. पण प्रत्येक जोड म्हणजे गळायची एक जागा. सलग पाइप वेटोळं करून ठेवला तर जोड फक्त दोन टोकांना. मामाने कणिक मळायच्या पातेल्याभोवती तो सावकाश गुंडाळला, हाताने, न चेपता. त्याच्या हातातलं ते कसब बघण्यासारखं होतं. अंगठा पुढे सरकवत, प्रत्येक वीतभरावर थोडं थोडं. तांबं एकदा वाकवलं की कडक होतं आणि दुसऱ्यांदा त्याच जागी वाकत नाही. घाई केली की ते चेपून जातं. म्हणून ‘एकदाच, पण बरोबर’ हा त्याचा नियम.

जोड

एसीवाल्यांकडे तांबं जोडायच्या दोन रीती. एक ब्रेझिंग, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर फॉस्फरस-तांब्याची सळई वितळवून. दुसरी फ्लेअर, म्हणजे पाइपाचं तोंड कर्ण्यासारखं पसरवून पितळी नटाने आवळणं. नळकामातलं कथलाचं सोल्डरिंग तिसरं, चार बारला तेही पुरतं. पण मामाचा हात ब्रेझिंगवर बसलेला.

ब्रेझिंगला मी एका अटीवर हो म्हटलं: जुना पाइप त्यात नको. पाइपात किंवा तेलात थोडा गॅस राहिला आणि त्यावर ज्योत गेली तर विषारी धूर होतो. आर-22 सारख्या क्लोरीन असलेल्या गॅसमधून फॉस्जीन तयार होतो, नव्यांमधून हायड्रोजन फ्लोराइड. घरगुती फ्रिजमधला आर-600ए तर सरळ पेट घेतो. मेकॅनिकांना त्या धुराचा जळजळीत वास ओळखीचा असतो, आणि बरेच जण तो दार उघडून निभावून नेतात. दहावीतल्या मुलासमोर तसलं काही नको होतं. कोऱ्या पाइपाला हा प्रश्न नव्हता.

एका टोकाला बॉल व्हॉल्व, दुसऱ्या टोकाला पितळी टोपी. टोपीत हवा भरायचा व्हॉल्व बसवताना एक गंमत झाली. मामाने आपला नेहमीचा चार्जिंग व्हॉल्व, ज्याला ते पिन व्हॉल्व म्हणतात, तो लावून दिला. आतली पिन चाकाच्या व्हॉल्वसारखीच. पण बाहेरचे आटे वेगळे, जाड. पायपंपाचं तोंड त्यावर बसेना. मग मोटारीच्या ट्यूबलेस चाकाचा नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व आणून टोपीला भोक पाडून बसवला. शेजारी एका टी वर दाबाचं घड्याळ आणि स्प्रिंगचा सेफ्टी व्हॉल्व. कॉम्प्रेसरच्या सुट्या भागांच्या दुकानात तो मिळतो. 5 बारला उघडेल असा लावून घेतला. प्रेशर कुकरची शिट्टी लावू या, असं मुलाने सुचवलं होतं. कल्पना वाईट नव्हती, पण कुकरचं वजन एक बारच्या आसपासच उचललं जातं.

ऑक्सिजनची बाटली

या प्रकरणातला सगळ्यात गंभीर क्षण कुणाच्या लक्षातही आला नसता इतका सहज आला. सगळं जोडून झालं, पायपंप आणायचा राहिला होता. गाळ्यात ब्रेझिंगची ऑक्सिजनची बाटली उभी होती. मामाच्या हाताखालचा पोरगा म्हणाला, ‘‘पंप कशाला, ह्यातनंच मारू की थोडं. गळती तरी कळंल.’’ आणि नळी हातात घेतलीसुद्धा.

त्याला मामाच ओरडला, हे सांगायला हवं. एसीच्या धंद्यात ऑक्सिजनने गळती तपासणं हा जुना आणि जीवघेणा शॉर्टकट आहे. पाइपात तेलाचा अंश असतो. दाबातला शुद्ध ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की ठिणगीही लागत नाही. झटक्याने दाबल्याने जी उष्णता होते तेवढ्यावर ते भडकतं. कॉम्प्रेसर फुटतात, माणसं जातात. म्हणून गळतीची चाचणी नायट्रोजनने करायची असते. आम्ही जुने तेलकट तुकडे बाजूला काढले होते, त्याचं खरं कारण हे. अशी बाटली हाताशी असलेल्या गाळ्यात कधीतरी कुणीतरी तिला हात घालणारच, असं धरूनच आखणी करायला हवी.

नायट्रोजनची बाटलीही भरलेली असते ती 140-150 बारला. तिच्यावर रेग्युलेटर नसेल तर चार बारचं आपलं वेटोळं म्हणजे कस्पट. म्हणून नियम ठरला की या लाँचरला फक्त हाताने किंवा पायाने चालणारा पंप. कॉम्प्रेसर नाही, बाटली नाही. पायपंपाला अर्धा लिटर भरायला फारसा वेळ लागत नाही, आणि घड्याळाचा काटा हळूहळू चढताना मुलाला दिसतो, हा वेगळा फायदा.

त्याच दुपारी मामाने आणखी एक सूचना केली होती: एसीच्या गॅसचं रिकामं, एकदाच वापरायचं सिलिंडर टाकी म्हणून घेऊ या, पोलादी आहे. गावोगाव अशा सिलिंडरचे छोटे कॉम्प्रेसर बनवून वापरतात. ते सिलिंडर पातळ पत्र्याचं असतं आणि पुन्हा भरायचंच नाही म्हणून बनवलेलं. हवेतल्या ओलाव्याने आतून गंजतं, आणि गंज बाहेरून दिसत नाही. मामाला हे पटलं की नाही कुणास ठाऊक. त्याच्या गाळ्यात तसलाच एक कॉम्प्रेसर अजून चालू आहे.

चाचणी

हवा भरण्याआधी पाणी भरलं. नळकामवाल्यांकडे पाइपलाइन तपासायचा हाताचा टेस्ट पंप असतो. तो एका दिवसासाठी मागून आणला. सेफ्टी व्हॉल्व काढून तिथे प्लग मारला, वेटोळं पाण्याने काठोकाठ भरलं, आतली हवा पूर्ण जाऊ दिली आणि 10 बारपर्यंत नेलं. म्हणजे वापरायच्या दाबाच्या अडीच पट. काटा हलत नव्हता. मग पंख्याखाली ठेवल्यावर हळूहळू उतरायला लागला. ब्रेझिंगचे जोड कोरडे होते. गळत होता तो बॉल व्हॉल्वच्या बाजूचा फ्लेअर, जो मुलाने स्वतः केला होता. नट सोडून बघितला तर पसरवलेल्या तोंडावर केसाएवढी चीर. कटरने कापल्यावर आतली धार साफ न करता फ्लेअर केला की अशी चीर पडते. मामाने काही न बोलता दोन सेंटिमीटर कापून टाकलं, रिमरने धार काढली, आणि पाना पुन्हा मुलाच्याच हातात दिला.

दुसऱ्यांदा काटा ठरल्या जागी थांबला. पाणी काढून, वाळवून, सेफ्टी व्हॉल्व परत लावून चार बार हवा भरली आणि बादलीत बुडवून बुडबुडे बघितले. पाण्याची चाचणी ताकदीसाठी, हवेची गळतीसाठी. हा क्रम उलटा करायचा नाही.

उड्डाण

जागेचा प्रश्न सोपा नव्हता. शाळेचं मैदान होटगी रस्त्याच्या विमानतळापासून फार लांब नव्हतं, आणि आकाशात काहीही उडवायचं तर तिकडे नको. तुळजापूर रस्त्याच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाचं मोकळं रान मिळालं. संक्रांतीचे पतंग अजून सुरू व्हायचे होते, त्यामुळे तारांवर मांजा नव्हता.

उंची मोजायला कोनमापक, दोरा आणि नट. लाँचरपासून 30 मीटरवर उभं राहून रॉकेट सर्वांत वर असतानाचा कोन घ्यायचा, त्याचा टॅन्जंट 30 ने गुणायचा. दहावीच्या पुस्तकातलं त्रिकोणमितीचं प्रकरण मुलाने पहिल्यांदाच स्वखुशीने उघडलं. दोन बारला कोन 49 अंशांच्या आसपास आला, म्हणजे सुमारे 35 मीटर. चार बारला 60 अंश, सुमारे 52 मीटर.

‘‘दाब डबल केला तर उंची डबल का नाही?’’ त्याचा पहिला प्रश्न. उत्तर हवेच्या विरोधात आहे. वेग वाढला की विरोध त्याच्या वर्गाने वाढतो. 10 ग्रॅमच्या कागदाला तो फार लवकर थोपवतो. दाब आणखी वाढवून मिळणारी उंची दर पायरीला कमी होत जाते. ‘चारऐवजी आठ बार करू’ या मागणीला याहून चांगलं उत्तर नाही.

दुसरा प्रश्न मी विचारला. चार बारला रॉकेटवर येणारा जोर, सगळा दाब एकदम मिळाला तर, 79 न्यूटन. 10 ग्रॅमला तो अर्ध्या मीटरमध्ये सेकंदाला जवळजवळ 90 मीटर वेग देतो. 52 मीटर उंचीवरून उलटा हिशेब केला तर प्रत्यक्ष वेग 40 च्या जवळपास निघतो. निम्म्याहून जास्त कुठे गेलं?

मुलाने गळती शोधली, घर्षण शोधलं. मग आम्ही वेळ काढला. 90 मीटरच्या हिशेबाने रॉकेट नळीवरून 11 मिलिसेकंदांत सुटतं. बॉल व्हॉल्वची दांडी हाताने फिरवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. व्हॉल्व पूर्ण उघडण्याआधीच रॉकेट निघून गेलेलं असतं. अर्धवट उघड्या फटीतून जेवढी हवा गेली तेवढ्यावरच ते उडालं. टाकीत दाब होता, वेळ नव्हता. दांडी सावकाश फिरवली तर रॉकेट नुसतं उठून नळीपाशीच आडवं व्हायचं. झटका मारला की वर. दाब तोच असून उंचीत एवढा फरक का पडत होता, ते आता कळलं. पुढच्या वेळी दांडीला रबर बांधून खिटी काढल्यावर ती आपोआप झटक्यात फिरेल, अशी रचना मुलाने स्वतः काढली. खिटी ओढायची दोरी 5 मीटर लांब, त्यामुळे सोडणारा माणूसही लाँचरपासून दूर. टाकी मोठी न करता, दाब न वाढवता उंची वाढली, आणि मला वाटतं या सगळ्या खटाटोपातला सर्वांत चांगला भाग हाच होता.

एक गोष्ट मी कुणालाही करू दिली नाही: नळीच्या आत काहीही घालणं. हाताखालच्या पोराने गोटी काढली होती. रॉकेट नळीच्या बाहेरून चढतं, म्हणून ते कागदाचंच राहतं, आणि 10 ग्रॅमला 40 मीटरच्या वेगाने त्यात 8 ज्यूल असतात, तेही मऊ नाकामागे. नळीच्या आत कठीण वस्तू गेली की ती बंदूक. भारतात शस्त्र नियम 2016 प्रमाणे एअरगनची ऊर्जा 20 ज्यूलच्या वर किंवा नळीचं तोंड 4.5 मिलिमीटरच्या वर गेलं की परवान्याचा प्रश्न येतो, आणि आपली नळी आतून 14 मिलिमीटरची आहे. म्हणून नळीच्या तोंडावर आतून एक आडवी तांब्याची पट्टी ब्रेझ करून टाकली. हवा जाते, गोटी जात नाही. मामाला हे काम पाच मिनिटांचं होतं.

प्रदर्शनात हवा भरायची परवानगी मिळाली नाही, आणि तेच योग्य होतं. वर्गात पन्नास माणसं. त्यामुळे मांडणीत रिकामं वेटोळं, शेजारी 110 च्या टोपीचा आणि पाच सुताच्या टोपीचा जोर किलोत लिहिलेला तक्ता, चीर गेलेला तो फ्लेअरचा तुकडा भिंगाखाली, आणि उंचीचे आलेख. परीक्षकांनी रॉकेटबद्दल जेवढं विचारलं त्यापेक्षा भिंगाखालच्या तुकड्याबद्दल जास्त विचारलं. वेटोळं आता वर्कशॉपच्या कपाटात आहे. दर वापराआधी पाण्याची चाचणी आणि सेफ्टी व्हॉल्वची पिन ओढून बघणं, एवढं त्याच्या दोरीला अडकवलेल्या कार्डावर लिहिलं आहे. पोत्यातले जुने तेलकट तुकडे मामाने भंगारात घातले आणि त्या पैशांतून नायट्रोजनचा रेग्युलेटर आणला.